चाळीस एकर आणि एक मुलगी

इप्सविच, ९ नोव्हेंबर १५९३

जॅस्पर,

तू पाठवलेले काळे कापड पोचले. रेनॉल्ड असता तर त्याने चिमटीत धरून सांगितले असते की वीण सैल आहे आणि रंग दोन पावसांत उतरेल. माझ्या नवऱ्याला पुरून तीन आठवडे झाले. त्याच्या एकुलत्या एका मेव्हण्याला लंडनहून इथवर यायला सवड झाली नाही, म्हणून कापड आले.

ते राहू दे. मी आज रडायला बसलेले नाही. चिडून बसले आहे, आणि कशावर ते सांगते.

परवा शेरीफचा माणूस आला. धक्क्यावरच्या खानावळीत गावातल्या बारा जणांना बाकावर बसवून त्याने चौकशी केली: मयत रेनॉल्ड एव्हरेल, कापडाचा व्यापारी, याच्या नावे जमीन कोणती, कोणत्या अटीवर, वारस कोण, वय काय. बारांपैकी नऊ जण रेनॉल्डच्या हातचे खाऊन गेलेले, आणि एकानेही माझ्याकडे मान वर करून पाहिले नाही. धक्का, वखारी, मासळीबाजारामागची दोन घरे यांत काही निघाले नाही. मग त्याने थॉर्लीहॅमचे नाव काढले. चाळीस एकर, एक ओढा आणि एक कबुतरखाना. जुन्या मठाची जमीन, थेट राणीसाहेबांकडून घेतलेली, सरदारी चाकरीच्या अटीवर. चाकरी किती? एका सरदाराचा चाळिसावा हिस्सा. म्हणजे काय रे? लढाई झाली तर माझ्या नवऱ्याने एक बूट आणि अर्धी रिकीब पाठवायची होती का?

हसू नकोस. त्या चाळिसाव्या हिश्शापायी माझी पोर गेली. अशी टीचभर जमीन धरणारा माणूस वारस लहान असताना मेला, की ते मूल राणीचे. मूल, बापाची झाडून सगळी जमीन आणि त्या मुलाचे लग्न ठरवायचा हक्क. राणी हा हक्क बाजारात काढते आणि ज्याचा हात वर पोचतो तो घेतो. माझी डॅमरिस आठ वर्षांची आहे. ती पलीकडच्या खोलीत बापाच्या टोपीला ब्रश करते आहे. तिला यातले काही ठाऊक नाही.

रेनॉल्ड नुसता व्यापारी राहिला असता तर पोरीला कोणी हात लावू शकले नसते. त्याला जमिनीचे वेड कोणी लावले? तू. ख्रिसमसच्या जेवणाला ईल मासा कापता कापता म्हणालास, "भावोजी, कापड विकून माणूस श्रीमंत होतो. राणीची जमीन धरली की खानदानी होतो." त्या भोळ्या माणसाने दुसऱ्याच आठवड्यात शिक्क्याची अंगठी करायला टाकली. तू तेव्हा दिवसभर असल्याच कागदांत नाक खुपसून बसत होतास. अट तुला ठाऊक होती. तू बोलला नाहीस.

विसरलास असे धरते. आता निस्तर. तिचे पालकत्व तू विकत घे, कोणी परका घ्यायच्या आत. लागेल ते मी देते. कागदावर नाव तुझे राहू दे, मुलगी माझ्या घरात राहू दे. कातडी कमावणाऱ्याच्या घरचे आपण, चुन्याच्या हौदात हात घालून मी तुला शाळेत घातले, हे मी आजवर कधी काढले नव्हते. आज काढते.

थॉमसिन


इप्सविच, ३० जानेवारी १५९४

माझ्या जॅस्पर,

तुझे पत्र सकाळी आले. तीनदा वाचले, मग डॅमरिसला वाचून दाखवले. कागद झाला, शिक्का पडला, तुझ्या नावावर. नॉरफोकचा कोणी सरदार टपून होता म्हणतोस. देव तुझे भले करो. नोव्हेंबरात लिहिलेले फाडून टाक. माझ्या तोंडाला लहानपणापासून कुलूप नाही, तुला माहीत आहे.

इस्टरला तुझी गाडी येईल, पोरीला दोन महिने मामीकडे राहू दे, रीतभात शिकेल, असे लिहिलेस. राहू दे की. तिचा निळा झगा मी लांब करून ठेवते. तिला मोहरी सोसत नाही, अंगावर गांधी उठतात, तेवढे तुझ्या स्वयंपाक्याला सांग.

तुझी ताई


इप्सविच, १७ ऑगस्ट १५९४

सर जॅस्पर क्रेन यांस,

आपण सर झालात हे मला आपल्या दारवानाकडून कळले.

दोन महिन्यांचे पाच झाले. माझ्या चार पत्रांना आपल्या कारभाऱ्याने उत्तर दिले, दर वेळी तेच: मुलगी खुशाल आहे. म्हणून मी मालाच्या घोडागाडीत कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून, तीन दिवस हाडे खिळखिळी करून, लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरच्या आपल्या घरी आले. दारावर तीन करकोचे रंगवलेली आपली निशाणी पाहिली. आपला बाप ज्या पाटीखाली बसायचा तिच्यावर बैलाचे कातडे होते. दारवान म्हणाला, "माल असेल तर मागच्या दाराला जा." मी म्हटले, "माल आत आहे. मी त्याची आई." त्याला समजले नाही.

आपण दरबारात गेला होतात. आपल्या पत्नीने, लेडी ऑनरने, मला मागच्या पडवीत बसवले आणि पातळ बिअर दिली. मग पोरीला आणले. जॅस्पर, तिच्या कपाळावरचे केस उपटलेत. कपाळ मोठे दिसावे म्हणून, लेडी ऑनरचे आहे तसे. नऊ वर्षांची मुलगी, अंड्यासारखे कपाळ घेऊन उभी. मला बघून ती धावत आली नाही. गुडघा वाकवून म्हणाली, "मॅडम, प्रवास सुखाचा झाला ना?" मग तिने मला ल्यूट वाजवून दाखवली. दोन ठिकाणी चुकली, ओठ चावून पुन्हा पहिल्यापासून वाजवली. रडली नाही. तुम्ही तिला रडायची बंदी केली असणार.

मी निघायच्या बेताला लेडी ऑनर अगदी मायेने म्हणाली, "तुम्हांला यांनी कळवलं नाही होय? ठरलं ना तिचं."

"काय ठरलं?"

"हे ज्यांच्या पदरी आहेत त्या लॉर्डसाहेबांच्या पुतण्याशी. मास्टर पेरेग्रिन. घराणं बघा की."

"आणि वय?"

"एकतीस. पहिली बायको वारली, पण मूलबाळ नाही हो काही."

जणू तेवढीच अडचण होती. आपल्याला या सोयरिकीत काय मिळणार तेही तिनेच सांगितले, बिचारीच्या पोटात काही राहत नाही. लॉर्डसाहेबांच्या खाजगी चिटणिसाची जागा. म्हणजे रेनॉल्डचा धक्का, रेनॉल्डच्या वखारी आणि रेनॉल्डची मुलगी त्या पुतण्याच्या घशात, आणि खुर्ची तुझ्या बुडाखाली. बघ, आपण-आपण करता करता मी तूवर आले. मला जमत नाही ते सोंग.

मी तुला राखणदार म्हणून बसवले, आणि कुंपणच शेत खाऊ लागले.

कायदा मी पण विचारून आले आहे. बारा पुरी होईस्तोवर मुलीचा होकार हा होकार नाही. ३ मे १५९७ ला ती बाराची होईल. त्या दिवशी ती नाही म्हणाली तर सोयरीक मोडली, हो म्हणाली तर जन्माची अडकली. तोवर तिला माझ्याकडे आण, किंवा निदान त्या दिवशी मला तिच्याजवळ बसू दे. तिला कोणीतरी सरळ विचारले पाहिजे. मी एवढेच मागते आहे.

थॉमसिन एव्हरेल


इप्सविच, २ ऑक्टोबर १५९६

जॅस्पर,

दोन वर्षांत तू मला तिचे तोंड दोनदा दाखवलेस, दोन्ही वेळा लेडी ऑनर खोलीत बसून. आणि गेल्या मंगळवारी बंदराच्या जकातीच्या कामावर तू गावात आलास, तेव्हा गावच्या थोरांबरोबर ऑयस्टर खाऊन झाल्यावर माझी आठवण झाली. माझ्या वखारीत आलास, नाकाला रुमाल लावून. इथे लोकरीचा वास येतो. ज्या वासात तू वाढलास त्याच्यापुढे हा अत्तर आहे.

काय बोललास ते मी लिहून ठेवते, कारण उद्या तू म्हणशील मी असे बोललोच नाही.

मी म्हटले, "मे महिन्यात मला तिच्याजवळ बसू दे."

तू म्हणालास, "कशाला? तिचे कान भरायला?"

"विचारायला."

"ताई, मी तिला लेडी करतोय. तू तिला काय करणार? गठ्ठे बांधायला बसवणार?"

"ती ठरवेल."

"अकरा वर्षांची पोर ठरवेल? तुला एकोणिसाव्या वर्षी ठरवता आलं नव्हतं. मी होतो म्हणून निभावलं."

मग तू माझ्या मोजायच्या टेबलावर हात टेकून, अगदी हळू, कारकुनाला समजावावे तसा बोललास. "वुडब्रिज विसरलीस का? मी नाही विसरलो. फार बोंब मारशील तर मलाही तोंड आहे. या गावात तुला चर्चच्या पहिल्या बाकावर बसवतात. शेवटच्या बाकावरही जागा उरणार नाही."

आणि घोड्यावर बसून गेलास.

मी त्या रात्री झोपले नाही, आणि त्यानंतरच्या तीन रात्रीही. वुडब्रिज हा शब्द मी चौदा वर्षांत उच्चारला नव्हता. आता लिहिते.

जून १५८२. ऑस्टिन पेल, रंगारी, नखे कायम निळी. वुडब्रिजच्या खानावळीत माडीवर, परवाना काढून घेतलेल्या एका म्हाताऱ्या पाद्रीने आमचे लग्न लावले. बाप हो म्हणणार नाही म्हणून चर्चमध्ये तीन रविवार लग्नाचा पुकारा केला नव्हता. साक्षीला खानावळीची पेट्रोनेल हॅकेट आणि तिचा नवरा. पाद्रीने कागद लिहून दिला. अकरा दिवस मी त्याची बायको होते. मग लंडनहून तू आलास, एका लॉर्डच्या दारात नुकताच पाय शिरलेला आणि तो पाय रोवायला सासरचा पैसा शोधणारा. माझ्या सासरचा. रेनॉल्ड एव्हरेलने मला मागणी घातली होती.

तू म्हणालास, पुकारा नाही, परवाना नाही, हे लग्न म्हणजे पोरांचा खेळ, कायद्याला मंजूर नाही. कागद चुलीत घातलास. ऑस्टिनला नोकरीचे पत्र देऊन समुद्रापार मिडलबर्गला जाणाऱ्या जहाजात बसवलेस. ऑक्टोबरात मी रेनॉल्डबरोबर वेदीपुढे उभी राहिले.

तू खोटे बोललास. पुकारा नसला तर दंड होतो, लग्न मोडत नाही. हे मला आता कळले आहे. पण सगळे तुझ्यावर ढकलत नाही. मी रडले, हे खरे. त्याच आठवड्यात मी रेनॉल्डने पाठवलेली मखमलीची टोपी घालून आरशात पाहिली, हेही खरे, आणि ती मला शोभली. कागद जळताना मी तुझा हात धरला नाही. रेनॉल्ड भला माणूस होता, त्याला काही ठाऊक नव्हते. ऑस्टिन १५९० मध्ये मिडलबर्गला तापाने गेला. म्हणजे ज्या दिवशी मी दुसरे लग्न केले त्या दिवशी, आणि पोर झाली त्या दिवशीही, तो तिकडे निळ्या नखांनी जेवत होता.

तू मला याचा धाक घालतोस. चार रात्री मी त्या धाकाकडे बघत बसले, आणि मग मला त्याची दुसरी बाजू दिसली. ती काय ते तुला सांगत नाही.

अजून सात महिने आहेत. मुलीला माझ्याकडे पाठव.

थॉमसिन


इप्सविच, १३ मार्च १५९७

जॅस्पर,

तुझे पत्र पोचले. या खेपेला कारभाऱ्याचे नाही, तुझ्याच हातचे, शाई सांडलेली. वाचून बरे वाटले. चार वर्षांत पहिल्यांदा तू मला माणूस समजून लिहिलेस.

तू विचारतोस, "कोणती आई स्वतःच्या लेकीला अनौरस ठरवते?" सांगते. जिला दुसरे कोणतेच दार उघडे ठेवलेले नाही ती.

मी जानेवारीत बिशपच्या कचेरीत गेले आणि माझ्या पायांनी उभी राहून शपथेवर सांगितले की रेनॉल्ड एव्हरेलशी लग्न केले तेव्हा माझा पहिला नवरा जिवंत होता. पेट्रोनेल हॅकेट आता सत्तरीची आहे, डोळ्यांत मोतीबिंदू, पण आठवण लख्ख. पाद्रीच्या अंगरख्याला सांडलेल्या रश्श्याचा डाग कुठे होता तेही तिने सांगितले. तिथला कारकून हसला. "म्हातारे, पंधरा वर्षांपूर्वीचा रस्सा?" ती म्हणाली, "माझ्या हातचा होता, बाबा. लक्षात राहतो." मिडलबर्गहून ऑस्टिनच्या मालकाचे पत्र आले, तो कधी आला आणि कधी वारला याचे. गेल्या महिन्यात निकाल झाला. रेनॉल्डशी माझे लग्न कधी झालेच नाही. डॅमरिस त्याची औरस नाही, म्हणून वारस नाही. वारस नाही, म्हणून राणीची पाल्य नाही. आणि जी राणीचीच नाही ती राणीने तुला विकली कशी? तुझ्या पेटीतल्या त्या शिक्क्याच्या कागदात आता मासळी बांध.

धक्का, वखारी, थॉर्लीहॅम, कबुतरखान्यासकट, सगळे रेनॉल्डच्या पुतण्याला गेले. तो बिचारा कोलचेस्टरला बटणे विकत होता. तो निकाल ऐकून खाली बसला. मृत्युपत्रात माझ्या नावाने लिहिलेले कापड तेवढे माझे राहिले, आणि पुतण्याने वखारीवरच्या दोन खोल्यांत राहू दिले आहे.

तू लिहितोस, मी आपलेच नाक कापून तुला अपशकुन केला. केला. नाक माझे होते. तुझी चूक कुठे झाली ते सांगू? तुला वाटले, लाज हे एकच दावे आहे आणि त्याला मी जन्मभर बांधलेली राहीन. इतका हुशार माणूस तू, इतके कागद वाचलेस, आणि वुडब्रिजच्या नावाने मला भिववताना तुला दिसले नाही की त्याच शब्दावर तुझी सगळी मिळकत उभी आहे.

शिक्षा मला तीन रविवारांची झाली. अंगावर पांढरी चादर, पाय उघडे, हातात पांढरी काठी, आणि प्रवचन संपेपर्यंत वेदीसमोर सगळ्यांच्या तोंडासमोर उभे राहायचे. फेब्रुवारीतली फरशी होती. पहिल्या रविवारी मासेवाली मॉड माझ्याजवळून जाताना मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "चौदा वर्षं आमच्यापुढे मखमल मिरवली, आता सुती चादरीवर आली." दुसऱ्या रविवारी कोणी हसले नाही. तिसऱ्या रविवारी त्याच मॉडने दाराशी माझ्या पायांत स्वतःची जोडी सरकवली आणि निघून गेली. पायांना फोड आले होते. त्यापलीकडे मला काही झाले नाही.

मास्टर पेरेग्रिनने निकालानंतर चौथ्या दिवशी सोयरीक मोडली असे कळते. बघ, जन्माच्या गाठीला चार दिवस पुरले.

आणि पाचव्या दिवशी तू काय केलेस? तीन वर्षे जिला तुझ्या टेबलावर बसवलीस, जिला पाहुण्यांपुढे भाची म्हणून नाचवलीस, तिला परत करायला तुझी करकोच्यांची गाडी जुंपली नाहीस. मालाच्या घोडागाडीत पाठवलीस, पावसात, वरती फाटकी ताडपत्री. झगे ठेवून घेतलेस. ल्यूट ठेवून घेतलीस. गाडीवानाच्या हाती दिलेल्या यादीत तिच्या नावापुढे लिहिले होते: 'एक मुलगी'. मी ती यादी ठेवली आहे. ज्याने ती लिहिली त्याचा हात झडो, आणि ती कारकुनाने लिहिली असली तरी तुझा.

एक गोष्ट ध्यानात ठेव. कचेरीत त्यांनी मला विचारले, तुमचा पहिला कागद कोणी जाळला? मी म्हटले, आठवत नाही. तुझे नाव मी घेतले नाही. माया म्हणून नव्हे. जपून ठेवले आहे.

थॉमसिन पेल


इप्सविच, ५ मे १५९७

जॅस्पर,

हे पत्र मी दोनदा फाडले. तिसऱ्यांदा लिहिते आहे, आणि रागाने लिहिते आहे, पण हा राग निम्मा तुझ्यावर आहे. निम्मा कोणावर ते वाचून समजेल.

डॅमरिस आल्यापासून आठ आठवडे माझ्याशी बोलली नाही. विचारले तर हो-नाही. जेवायला बोलावले तर येते, चाकूने हेरिंगचे काटे एका बाजूला ओळीने लावते, उठते. मी मनाशी म्हणायचे, थकली आहे, तुम्ही तिचे डोके फिरवले आहे, उतरेल. बाजाराला तिला सोबत नेले. मोहरीवाल्याच्या दुकानापाशी दोन पोरींनी तिला एक शब्द ऐकवला. तो मी इथे लिहीत नाही. कायद्याने तिच्यावर तो शब्द मीच चिकटवला आहे. ती वळलीही नाही. त्यानंतर ती घराबाहेर पडली नाही. खिडकीशी बसते, तर समोरच्या घरातले लोक त्यांच्या खिडकीत येतात. म्हणून आता खिडकीशीही बसत नाही.

परवा ती बारा वर्षांची झाली. मी केशर घातलेला पाव केला होता. तीन वर्षे मी या एका दिवसासाठी तुझ्याशी भांडले. मला वाटत होते, आज मी तिला सांगेन, बघ, आज तुझी मान त्या माणसाच्या हातात जायची होती आणि मी ती सोडवली. मी सांगितलेही. अगदी असेच.

तिने पावाचा तुकडा खाली ठेवला. "तू मला विचारलं होतंस?"

मी म्हटले, "काय विचारायचं होतं?"

"हेच. चर्चमध्ये जाऊन सांगण्याआधी. माझं नाव काढून घेण्याआधी."

"अगं, मला तुझ्याजवळ येऊ तरी देत होते का ते? तो एकतीस वर्षांचा..."

"चौतीस," ती म्हणाली. "आता चौतीस आहे. त्याच्या तोंडाला वास येतो. मी नाही म्हणणार होते."

जॅस्पर, ती सांगत होती, शांतपणे, तुझ्या बायकोने शिकवलेल्या त्या स्वच्छ आवाजात. तिने मामीला विचारून घेतले होते की बाराव्या वर्षी नाही म्हणता येते का. मामी म्हणाली, येते, पण मामा चिडेल. ती म्हणाली, चिडू दे. काय बोलायचे ते पाठ करून ठेवले होते. लेडी ऑनरला ठाऊक होते आणि तिने तुला सांगितले नव्हते. मी त्या बाईला इतकी वर्षे मूर्ख समजत आले. तिच्या पोटात काही राहत नाही असे मीच तुला लिहिले होते.

"मी नाही म्हटलं असतं," डॅमरिस म्हणाली, "तरी मी रेनॉल्ड एव्हरेलची मुलगी राहिले असते. मामानं मला विचारलं नाही. तूही नाही. तुम्ही दोघं एकमेकांशी भांडत होता."

रेनॉल्डच्या पुतण्याच्या हातात गेलेले परत येत नाही, निकाल फिरत नाही, आणि मी चादर गुंडाळून पुन्हा उलटी चालत गेले तरी ती औरस होत नाही. तू नसतास तर मला हे करावे लागले नसते, हे मी रोज म्हणते. ते खरे आहे. पण मी तिच्या मनात एक 'नाही' असेल हे धरूनच चालले नव्हते, हेही खरे आहे. तुला ती धक्का आणि वखारी दिसली. मला ती माझी दिसली. ती स्वतः कोणाला दिसली असेल तर तुझ्या त्या अंड्याच्या कपाळाच्या बायकोला.

मग मी विचारले. उशिराने का होईना. "तुला काय हवंय?"

ती विचार करून बोलली. "मला लंडनला मामीकडे जायचंय. तिथं या गावातलं कोणी नाही. ल्यूट आहे. मामी म्हणाली होती, काही झालं तरी ये."

"आणि इथं राहायचं नाही?"

"नाही," ती म्हणाली.

तिने हा शब्द त्या चौतीस वर्षांच्या माणसासाठी जपून ठेवला होता. तो मला मिळाला. बारा वर्षांच्या मुलीने म्हटलेले 'नाही' पाळावे लागते, आणि मी ते पाळते आहे.

तेव्हा ऐक. ती तुझ्या घरी येते आहे. पाल्य म्हणून नव्हे, सोयरिकीचा माल म्हणून नव्हे. तिच्यावर आता ना तुझा कागद आहे, ना राणीचा, ना माझा. ती पुढच्या दाराने येईल आणि ज्या दिवशी तिच्या मनात येईल त्या दिवशी पुढच्याच दाराने जाईल. तिला झगे परत दे. ल्यूटला नव्या तारा बसव. लेडी ऑनरला सांग की मी तिची माफी मागते, आणि हे वाक्य तिला वाचून दाखव, गिळू नकोस. लग्नाचा विषय तू काढायचा नाहीस. ती काढेल तेव्हा निघेल.

तू म्हणशील, मी का घ्यावी तिला, ती आता कोणाच्याच कामाची नाही. म्हणूनच घे. कामाची नसलेली एक तरी गोष्ट तुझ्या घरात असू दे. आणि ते पटत नसेल तर हे पटेल: बिशपचा कारकून मला रोज चर्चच्या दाराशी भेटतो, आणि कागद कोणी जाळला ते मला कोणत्याही दिवशी आठवू शकते. चादरीची मला सवय झाली आहे. तुला नाही.

मी तुझ्यापुढे चार वर्षे हात पसरले, शिव्या दिल्या, शपथा घातल्या. आज पुन्हा हात पसरते, आणि याहून मोठा अपमान माझा तीन रविवारांतही झाला नव्हता.

गाडी शुक्रवारी निघेल, सोमवारी दुपारी पोचेल. या खेपेला मी तिला गठ्ठ्यांवर बसवलेले नाही, पुढे गाडीवानाच्या बायकोशेजारी जागा घेतली आहे. यादीत तिचे नाव मी स्वतः लिहिले आहे: डॅमरिस. पुढचे आडनाव कोणते लावायचे ते तिने अजून ठरवलेले नाही, म्हणून जागा मोकळी सोडली आहे.

दारवानाला पाठवू नकोस. दार तू स्वतः उघड.

थॉमसिन